कारकुनाचें मूल आणि कोयत्याचें मूल

मूल कोणाच्याहि घरीं जन्मास आलें तरी भूक सारखीच घेऊन येतें. दूध, औषध, अंगावर कपडा आणि आईची ऊब यांवांचून तें वाढत नाहीं. निसर्गानें या कामीं गरीब-श्रीमंत असा भेद केलेला नाहीं. सरकारच्या खतावणींत मात्र तो भेद ठळक दिसतो, आणि तोच आज आम्हांस वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम कारकुनाचें मूल पाहूं. दहा किंवा अधिक माणसें कामास असलेल्या कचेरींत नोकरी करणाऱ्या बाईला, २०१७ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या दोन बाळंतपणांस २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यानें मिळते. केंद्र सरकारच्या नोकरींतील बाईला याखेरीज मुलांच्या संगोपनासाठीं सबंध नोकरींत ७३० दिवसांपर्यंत वेगळी रजा घेतां येते. केंद्राच्या नोकराला दोन मुलांपर्यंत शिक्षणभत्ताहि आहे. तो दर मुलामागें महिना २,२५० रुपये होता. १ जानेवारी २०२४ पासून तो २,८१२ रुपये ५० पैसे झाला. म्हणजे एका मुलामागें वर्षाला ३३,७५० रुपये. याबद्दल आमच्या पोटांत दुखत नाहीं. कारकुनाचें मूलहि देशाचेंच मूल आहे. त्याला मिळतें तें मिळूं द्यावें.

आतां कोयत्याचें मूल पाहूं. बीड जिल्ह्यांतून दसरा सरला कीं हजारों जोडपीं मुकादमाकडून उचल घेऊन ऊस तोडावयास पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. दोघांतलें एक माणूस बसलें तर कोयता मोडला, आणि मग खाड्याचे पैसे अंगावर! अशा बाईला दिवस गेले तरी रजा देणार कोण? पोटांत मूल आणि डोक्यावर मोळी घेऊन ती गाडी भरते, आणि बाळंत होऊन पुरता महिना उलटला नाहीं तों पाचटावर पोर निजवून पुन्हां फडांत उतरते.

या बाईसाठीं सरकारनें कांहींच केलें नाहीं असें नव्हे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या चौथ्या कलमांत गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातेस ६,००० रुपयांहून कमी नाहीं इतकें साह्य देण्याचें वचन आहे. ज्यांना नोकरीमुळें असा लाभ आधींच मिळतो त्या स्त्रिया तेवढ्या वगळल्या आहेत. पहिलें मूल, दुसरें मूल असा भेद त्या कलमांत नाहीं. प्रत्यक्षांत २०१७ सालीं मातृवंदना योजना आली ती पहिल्या मुलापुरती, आणि रक्कम ठरली ५,००० रुपये. २०२२ पासून दुसरें मूल मुलगी असेल तर तिच्यासाठीं ६,००० रुपये देऊं लागले. दुसरा मुलगा झाला तर कांहीं नाहीं. जणूं मुलगा झाला कीं आईच्या बाळंतपणाची कळ कमी होते!

उरलेले हजार जननी सुरक्षा योजनेंतून सरासरीनें भरून निघतात, असें सरकारचें म्हणणें. पण त्या योजनेंत महाराष्ट्रांतील खेड्यांतल्या मातेस ७०० रुपये आहेत. पांच हजारांत सातशें मिळविले तर सहा हजार होतात, हें गणित कोणत्या शाळेंत शिकवितात?

हे ५,००० रुपये २६ आठवड्यांवर पसरून पाहा. दिवसाला साडेसत्तावीस रुपये पडतात. कचेरींतल्या बाईला तितकेच दिवस पुरा पगार, आणि फडांतल्या बाईला साडेसत्तावीस रुपये! आणि तेहि कागदपत्रें जमलीं तर. आधार, बँकेचें खातें, माता-बाल कार्डावरील नोंदी, लशींचे शिक्के, हें सर्व जुळावें लागतें. नांव गांवच्या अंगणवाडींत, आणि बाई सहा महिने परजिल्ह्यांतल्या कोप्यांत. एक नोंद चुकली कीं हप्ता अडकला.

महाराष्ट्र सरकारनें २०२३ सालीं 'लेक लाडकी' योजना काढली. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेच्या घरांतील मुलीस टप्प्याटप्प्यानें १,०१,००० रुपये द्यावयाचे आहेत. योजना चांगली आहे. पण हप्ते नीट पाहा. जन्मतांच ५,०००, मग थेट पहिलीच्या वर्गांत ६,०००, सहावींत ७,०००, अकरावींत ८,००० आणि अठरा वर्षें पुरीं झाल्यावर ७५,०००. म्हणजे जन्मापासून शाळेच्या पायरीपर्यंत, हाड-मांस ज्या वर्षांत घडतें त्याच वर्षांत, हातीं एक पैसा नाहीं. रोपट्याला पाणी नाहीं, आणि झाड झाल्यावर पाट काढून देऊं असें वचन! २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील १०० मुलांपैकीं ३५ मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं. हें खुजेपण पहिल्या दोन-तीन वर्षांतच धरतें, आणि मागाहून पाऊण लाख ओतले तरी फारसें फिटत नाहीं. अंगणवाडीचा आहार मिळतो हें खरें. पण आई कामावर गेली तर तो भरवावयाचा कोणी?

यावर शहाणे लोक तीन आक्षेप घेतात. पहिला असा कीं, पैसे दिले तर गरीब लोक पोरें वाढवितील. त्याच पाहणींत महाराष्ट्रांतील बाईमागें मुलांचें प्रमाण १.७ निघालें आहे, म्हणजे दोनांच्याहि खालीं. तेव्हां हें भूत आतां उतरवावें. शिवाय कारकुनाला भत्ता दिल्यानें पोरें वाढत नाहींत, मग ती भीति मजुराच्याच बाबतींत कां वाटते?

दुसरा आक्षेप, बाप पैसे दारूंत घालील. ब्रिटनमध्यें १९४५ सालीं कुटुंबभत्त्याचा कायदा झाला तेव्हां मूळ बिलांत पैसे बापाच्या नांवें होते. एलिनॉर रॅथबोन या बाईनें पार्लमेंटांत झगडून ते आईच्या हातीं देवविले. आपल्याकडेहि आईच्या नांवचें खातें आहे. आक्षेपाला उत्तर तयार आहे, फक्त दानत पाहिजे.

तिसरा आक्षेप, पैसा आणावा कोठून? महायुद्धानें कर्जांत बुडालेल्या ब्रिटननें दुसऱ्या मुलापासून दर मुलामागें आठवड्यास ५ शिलिंग देण्याचें ठरविलें, तेव्हां त्यांच्या तिजोरींत काय सोनें मावत नव्हतें? आणि मजूर कर देत नाहीं हें सांगतो कोण? तेलाची पिशवी घेतो, साबणाची वडी घेतो, पायांत चप्पल घालतो, त्या प्रत्येकांत सरकारचा वांटा आहे. १८८२ सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनपुढें हेंच गाऱ्हाणें मांडलें होतें कीं, तिजोरी रयतेच्या घामानें भरते आणि खर्च होतो वरच्या वर्गावर. १९२८ सालीं मुंबईच्या कौन्सिलांत बाळंतपणाच्या साह्याचें बिल आलें तेव्हां डॉ. आंबेडकरांनीं त्याला पाठिंबा देऊन सांगितलें कीं मातेस विसांवा मिळणें राष्ट्राच्या हिताचें आहे, आणि त्याचा भार बऱ्याच अंशीं सरकारनें उचलावा. पुढच्याच वर्षीं कायदा झाला, पण तो कारखान्यांतील बायांपुरता. शेतांतली बाई तेव्हां बाहेर राहिली ती अजून बाहेरच आहे.

आमचें मागणें थोडें आहे. कायद्यांतले ६,००० प्रत्येक बाळंतपणास द्यावे, आणि २०१३ चा आंकडा आजच्या महागाईप्रमाणें वाढवावा. जन्मापासून सहा वर्षांपर्यंत गरीब घरांतील प्रत्येक मुलामागें, मुलगा असो वा मुलगी, आईच्या खात्यांत दरमहा ठराविक रक्कम जमा व्हावी. आणि बाई ज्या कोपीवर असेल तेथील अंगणवाडींत तिची नोंद विनातक्रार चालावी.

बांधवांनो, सरकार आपण होऊन देईल म्हणून वाट पाहत बसूं नका. पुढच्या ग्रामसभेंत उठून विचारा कीं गांवांत यंदा किती बाया बाळंत झाल्या, किती जणींची नोंद झाली, आणि किती जणींस पुरे हप्ते पोंचले. यादी मोठ्यानें वाचावयास लावा. जिचें नांव राहिलें असेल तिचा अर्ज तेथेंच भरून घ्या. उंसाच्या टोळ्या गांव सोडण्यापूर्वीं हें काम झालें पाहिजे. रडल्याशिवाय आईहि पाजीत नाहीं म्हणतात. मग सरकार तर आई नव्हे!