अंतर मोजा, माग काढू नका

साहित्याच्या अभ्यासकांनी टोलविषयी लिहावे, यात काहींना अनौचित्य वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. शासकीय नियम हाही एक मजकूरच असतो, आणि मजकूर काय बोलतो व कशाविषयी मौन पाळतो हे पाहणे हाच तर आमचा व्यवसाय. सत्ता आणि भाषा या विषयावर आपल्याकडे चर्चासत्रे होतात, फुकोचे नाव निबंधागणिक घेतले जाते. पण ज्या मजकुराने उद्या आपल्या प्रत्येक प्रवासाची नोंद होऊ शकेल तो मजकूर मात्र वाचायचा राहून जातो.

हा मजकूर म्हणजे राष्ट्रीय महामार्गांच्या शुल्काविषयीचे २००८ चे नियम आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांत झालेली दुरुस्ती. या दुरुस्तीनुसार, नॅशनल परमिटची वाहने वगळता, उपग्रहाधारित पद्धतीखालील वाहनाला दिवसाकाठी प्रत्येक दिशेने २० किलोमीटरपर्यंत शुल्क नाही. प्रवास त्याहून अधिक झाल्यास प्रत्यक्ष कापलेल्या अंतराप्रमाणे आकारणी. ही पद्धत १ मे २०२५ पासून देशभर लागू होणार, अशा बातम्या आल्या तेव्हा तसा निर्णय झालेला नसल्याचा खुलासा मंत्रालयाने एप्रिलमध्ये केला. तरतूद मात्र लिहिली गेली आहे. आणि लिहिलेली तरतूद अमलात येण्यापूर्वीच वाचलेली बरी.

प्रथम हे स्पष्ट करू, की अंतरानुसार आकारणीच्या तत्त्वाला आमचा विरोध नाही. नाक्यावरचा टोल मुळातच आंधळा असतो. नाका ओलांडून पुढच्याच फाट्याला वळणारा पूर्ण रक्कम भरतो, आणि नाक्याच्या अलीकडे वळणारा तोच रस्ता फुकट वापरतो. शिवाय पेट्रोल-डिझेलवरचा कर हा आजवर एका परीने अंतराचाच कर होता: जो जास्त फिरे तो जास्त इंधन जाळी, आणि जास्त कर भरी. विजेवरच्या वाहनांनी हे गणित मोडले. म्हणूनच २०२४ मध्ये आइसलँड आणि न्यूझीलंड यांनी विजेच्या मोटारींना किलोमीटरप्रमाणे आकारणी सुरू केली, आणि ब्रिटनने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले, की एप्रिल २०२८ पासून अशा मोटारींना मैलामागे ३ पेन्स द्यावे लागतील. प्रश्न खरा आहे. आमचे भांडण उत्तराशी आहे.

पहिली हरकत न्यायाची. नुसते अंतर मोजणे म्हणजे न्याय नव्हे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय येथे झालेल्या प्रसिद्ध रस्ताचाचणीतून असे दिसले, की रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घातानुसार वाढते. भार दुप्पट, तर झीज सोळापट. स्वित्झर्लंडने २००१ पासून अवजड वाहनांवर जो कर बसवला त्यात म्हणूनच अंतर, वजन आणि प्रदूषण या तिन्हींचा गुणाकार असतो. उत्पन्नाचा मोठा वाटा रेल्वेकडे वळवला जातो. आणि आपल्याकडे? १५ ऑगस्ट २०२५ पासून खाजगी मोटारींसाठी ३००० रुपयांचा वार्षिक पास आला: एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. एकीकडे ‘जितके अंतर तितके पैसे’ हे तत्त्व सांगायचे, आणि दुसरीकडे फेऱ्या घाऊक भावाने विकायच्या, त्याही मोटार बाळगणाऱ्यांनाच. याला धोरण म्हणावे की सोय?

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे, आणि ती भाषेची आहे. ‘किती’ आणि ‘कुठे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर एक संख्या असते. दुसऱ्याचे उत्तर म्हणजे माणसाचे चरित्र. तो कोणत्या दवाखान्यात गेला, कोणत्या सभेला गेला, कोणाच्या दारात रात्रभर थांबला, हे सारे त्यात येते. न्यूझीलंड १९७८ पासून अंतराचा कर घेते. तेथे हजार किलोमीटरच्या पटीत परवाना विकत घेता येतो आणि वाहनाचे मापक तपासले जाते. आकाशातून कोणी पाहावे लागत नाही. ठरावीक रस्त्यांपुरतीच आकारणी करायची तर स्थान कळावे लागते, हे खरे. पण तो हिशेब वाहनातील यंत्रातच करून केवळ बेरीज बाहेर पाठवता येते. पैशासाठी बेरीज पुरते. मग मार्गाची नोंद कोणासाठी?

यावर ठरलेली उत्तरे मिळतात. ‘मोबाइलला सगळे ठाऊक असतेच’, ‘फास्टॅग आहेच की’. मोबाइल घरी ठेवता येतो. सक्तीचे यंत्र ठेवता येणार नाही. फास्टॅग नाक्याचा बिंदू नोंदवतो. उपग्रह दोन बिंदूंमधली रेघ नोंदवू शकतो. ‘ज्याने काही केले नाही त्याला भय कशाचे’ हे तिसरे उत्तर तर नागरिकाला आधी संशयित ठरवूनच बोलू लागते.

जर्मनीने १ जानेवारी २००५ रोजी मालमोटारींसाठी उपग्रहाधारित टोल सुरू केला, तेव्हा ही माहिती टोलखेरीज कशासाठीही वापरू नये असे कायद्यातच लिहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस तत्कालीन गृहमंत्री वोल्फगांग शॉयब्ले यांनी ती गुन्हेतपासासाठी खुली करण्याची मागणी केली. साठवलेली माहिती नवे उपयोग शोधू लागते, ती अशी. तेथे निदान कायद्याच्या वाक्याची भिंत आधी उभी होती. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पण २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे १७ वे कलम केंद्राला आपल्या यंत्रणांना त्याच कायद्यातून वगळण्याची मुभा देते. भिंत बांधतानाच तिला दार ठेवले आहे, आणि किल्ली घरमालकाकडे नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. आकारणीत अंतराबरोबर भारही धरावा. हिशेब वाहनातच व्हावा आणि बाहेर केवळ रक्कम जावी. मार्गाची नोंद कोणालाही, कोणत्याही कारणाने देण्यास मनाई करणारे वाक्य नियमातच असावे.

नाणेघाटातला दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे परंपरा सांगते. ते खरे असेल तर त्या रांजणाचा एक गुण ध्यानात घेण्याजोगा आहे. त्यात नाणे पडे. वाटसरूचे नाव पडत नसे. नव्या यंत्राकडून आम्ही याहून अधिक काही मागत नाही, पण याहून कमीही स्वीकारू नये.