जुना संगणक : सुधारावा कीं बदलावा?

खेळांचा संगणक अडखळूं लागला कीं आम्ही विद्यार्थी घरीं नव्याचा हट्ट धरतों. वडिलांच्या कष्टाचा पैसा खर्चण्यापूर्वीं दोष कोठें आहे तें शोधावें, असें आमचें मत आहे. यंत्र उघडण्यासच वेळ लागत असेल तर एसएसडी पुरे; चित्रें अडखळत असतील तर ग्राफिक्स कार्ड बदलावें, पण पॉवर सप्लाय त्यास पुरेल कीं नाहीं हें आधीं पाहावें. विंडोज १० ची नेहमींची सुरक्षा-सोय १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. प्रोसेसर विंडोज ११ स चालत नसेल व मदरबोर्डहि बदलावा लागत असेल, तर नवा घेणेंच बरें.

तरीहि जुना टाकूं नये. आपला पवई तलाव पिण्याच्या पाण्यासाठीं बांधला. पाणी पिण्यास अयोग्य ठरलें, म्हणून कोणी तो बुजविला नाहीं. बागांस व कारखान्यांस तें उपयोगीं पडलें. लिनक्स घातलेल्या जुन्या संगणकावर धाकट्या भावंडांचा अभ्यास तसाच सुखानें होईल.