खुरबूट मापानेच घ्यावा

नाल न मारलेल्या घोड्यास खडीच्या वाटेवर रबरी बूट घालणे योग्यच. परंतु तो अंदाजाने घेणे आम्हांस मान्य नाही. आमच्या घोडीचा सैल बूट चालताना फिरला, टाच सोलली व ती पंधरा दिवस लंगडली. जन्मभर मोजणीचे कागद हाताळूनही खूर मात्र आम्ही नजरेनेच मोजला होता!

सबब खूर तासल्याबरोबर सर्वांत रुंद जागी रुंदी, आणि पुढील टोकापासून टाचेचा कठीण भाग भुईस टेकतो तेथपर्यंत लांबी घ्यावी. मागील मऊ भाग धरू नये. पुढचे खूर वाटोळे, मागचे निमुळते. म्हणून प्रत्येक खूर निराळा मोजावा. बूट चढवून थोडे चालवावे व कातडी पाहावी. एवढा त्रास जनावराच्या लंगडण्याहून खचित स्वस्त पडतो.