डग्गा कुठे गेला?

दिवाळीआधी रंगकाम झालं, घर लख्ख झालं, पण आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, गप्पगप्प राहू लागले. तरुणपणी ते तबला वाजवीत. आता हात थरथरतात, त्यामुळे संध्याकाळी गाणं ऐकणं हाच काय तो विरंगुळा. एके दिवशी गाणं मध्येच बंद करून म्हणाले, "सूनबाई, तबला ऐकू येतो, पण डग्गा येत नाही गं. कान गेले माझे."

हे म्हणाले, "मोठे स्पीकर आणू." मला मात्र शंका आली. म्हातारपणी सहसा आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. नानांना तर दुधवाल्याच्या सायकलची घंटीही ऐकू येते. मग खर्जच तेवढा कसा गेला?

शाळेत आमच्या विज्ञानाच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, खर्जाच्या लाटा फार लांब असतात. सेकंदाला ५० कंपनं असली, तर लाट जवळजवळ ७ मीटरची! आपल्या १२ फुटी खोलीत ती भिंतींवर आपटून परत फिरते. मग भिंतीपाशी आणि कोपऱ्यात खर्ज घुमतो, मधोमध मात्र त्यातले काही स्वर पार विरून जातात. आणि रंगकामानंतर नानांची खुर्ची पंख्याखाली, नेमकी खोलीच्या मध्यावर!

तेव्हा आधी हे करून पाहा :

१. मशीन बंद करून दोन्ही स्पीकरच्या तारा तपासा. तांबड्याला तांबडी, काळ्याला काळी. एकीकडे उलट जोडली, तर एक पडदा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो आणि खर्ज आपसांतच संपतो. आमच्याकडे हेच झालं होतं!

२. खुर्ची मध्यापासून दोन-तीन फूट मागे न्या, पण भिंतीला टेकवू नका.

३. स्पीकर भिंतीकडे सरकवले की खर्ज वाढतो, कोपऱ्यात आणखी वाढतो. फार घुमू लागला तर वीतभर पुढे ओढा.

४. लोखंडी कपाटावर स्पीकर ठेवू नका, पत्रा थरथरतो. जड लाकडी स्टूल बरं.

५. पातळ पडद्यांनी खर्ज आवरत नाही. घुमणाऱ्या कोपऱ्यात कापसाची जाड गादी गुंडाळून उभी केली, तर थोडाफार उपयोग होतो.

दर वेळी एकच बदल करा आणि तेच गाणं पुन्हा लावा, म्हणजे फरक कळेल.

एवढं करूनही ऐकू येत नसेल, तर कानांच्या डॉक्टरांकडे जायला टाळाटाळ नको. पण घरातलं वडीलधारं माणूस "माझंच काहीतरी गेलं" म्हणून गप्प बसलं, तर आधी जरा घरात बघा.

त्या संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. बाहेर गाणं लागलं. डोकावून पाहिलं, तर नानांची बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरत होती. थरथरत होती, पण सम चुकली नाही.