आकडे उरले, सबरूटीन हरवली : मेनफ्रेमच्या काळातील एक दुर्लक्षित साधन

#थ्रेड

इतिहासाची साधने म्हटली की बखरी, ताम्रपट, गॅझेटियर डोळ्यांपुढे येतात. फोर्ट्रानमधील सबरूटीनांच्या छापील प्रतींनाही त्या यादीत स्थान मिळावे, असे माझे मत आहे. तसे ते लवकर मिळाले पाहिजे, कारण हा कागद रद्दीत जाण्याच्या वयाचा झाला आहे.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा देशी बनावटीचा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० हा अमेरिकी मेनफ्रेम आला आणि देशातील अनेक संस्थांचे शास्त्रज्ञ त्यावर आपली गणिते सोडवू लागले. या यंत्रांची छायाचित्रे आपण आवडीने पाहतो. त्यांवर नेमके काय चालत होते, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

मॅट्रिक्सचा व्यस्त काढणे, समीकरणाची मुळे शोधणे, यादृच्छिक संख्या निर्माण करणे ही कामे प्रत्येक शास्त्रज्ञ नव्याने लिहीत बसत नसे. तयार सबरूटीनांचा संच असे. त्यालाच लायब्ररी म्हणत. आयबीएमचे ‘सायंटिफिक सबरूटीन पॅकेज’ हे त्यांतील गाजलेले नाव.

याच पॅकेजात ‘रँडू’ नावाची सबरूटीन होती. आधीच्या संख्येला ६५५३९ ने गुणायचे आणि २ च्या ३१ व्या घाताने भागून बाकी घ्यायची, एवढीच तिची रीत. वरवर पाहता संख्या यादृच्छिक भासत. परंतु लागोपाठच्या तीन संख्या घेतल्या, तर तिसरी ही दुसरीची सहापट वजा पहिलीची नऊपट (बाकीच्या हिशेबाने) निघते! त्रिमितीत मांडले की सारे बिंदू अवघ्या १५ प्रतलांवर येऊन बसतात. अशा जनकांचा हा दोष जॉर्ज मार्साग्लिया यांनी १९६८ साली दाखवून दिला.

आता त्या काळातील एखादा शोधनिबंध हाती घ्या. त्यात सिम्युलेशनचे निष्कर्ष आहेत, पण संख्या कोठून आणल्या याचा उल्लेख नाही. त्या निष्कर्षावर विश्वास ठेवावा की नाही? सबरूटीन सापडल्याखेरीज उत्तर देता येत नाही.

केवळ सबरूटीन सापडूनही भागत नाही. सीडीसी ३६०० चा शब्द ४८ बिटांचा, तर आयबीएम ३६० चा ३२ बिटांचा. तोच फोर्ट्रान मजकूर एका यंत्रावर सुमारे दहा अंकांपर्यंत अचूक, तर दुसऱ्यावर जेमतेम सहा-सात. पवईच्या आयआयटीत सत्तरच्या दशकात आलेला सोव्हिएत ईसी-१०३० हा आयबीएम ३६० च्याच धर्तीचा होता. म्हणजे एकाच मुंबईत दोन जातींची अचूकता नांदत होती. यंत्राचे नाव नसलेली प्रत ही तिथी नसलेल्या पत्रासारखी समजावी.

मग शोध कोठे घ्यावा? चुंबकीय फितींच्या मागे लागू नये. फीत मिळाली तरी ती वाचणारे यंत्र मिळणे कठीण. कागद अधिक टिकाऊ ठरला आहे. अमेरिकेतील एसीएम या संघटनेच्या मासिकात १९६० पासून अल्गोल भाषेतील अल्गोरिदम छापून येत. आइसपॅक, लिनपॅक ही पुढची पॅकेजे नेटलिबवर आहेत. भिवंडी तालुक्यातल्या अंबाडीत बसूनही ती मोबाइलवर वाचता येतात. टाटा संस्थेतील एच. एम. अंतिया यांनी १९९१ साली संख्यात्मक पद्धतींवरील आपल्या ग्रंथात फोर्ट्रान प्रणाली दिल्या. त्यांचे जतन आपोआप झाले.

स्थानिक सबरूटीनांना असा आश्रय मिळाला नाही. त्या असतील तर प्रबंधांच्या परिशिष्टांत, किंवा निवृत्त प्राध्यापकांच्या माळ्यावरील छिद्रांच्या कडांच्या कागदगठ्ठ्यांत. आपल्यापैकी कोणाच्या आजोबांच्या घरी असा गठ्ठा असेल, तर आधी त्यांना विचारा: यंत्र कोणते, साल कोणते, सबरूटीन कोणाकडून घेतली?

आणि छायाचित्र घेताना उजवी कड कापू नका. पंचकार्डाच्या ८० रकान्यांपैकी ७ ते ७२ यांत फोर्ट्रानचे विधान असे. ७३ ते ८० हे रकाने संगणक वाचीतच नसे. म्हणून निरुपयोगी वाटणारा तो मजकूर आजचे लोक सर्रास छाटतात. कार्डांचा अनुक्रम आणि बहुधा मूळ सबरूटीनचे संक्षिप्त नाव नेमके तेथेच असते.