ताटातला भात आणि कमरेचा घेर

सावली, मूल, सिंदेवाहीच्या धानपट्ट्यात ताट म्हणजे भात. सकाळी भात, रात्री भात, उरलाच तर दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात. वजन कमी करायचे म्हटले की पहिली कुऱ्हाड याच भातावर पडते. कुणीतरी सांगते, 'भात सोडा, पोळी खा.' मग घरची बाई महिनाभर कणीक मळते, भाताच्या जागी चार-चार पोळ्या खाते, आणि वजनाचा काटा जिथल्या तिथे. शेवटी 'आमच्या अंगालाच लागते' म्हणून नाद सोडते.

माताभगिनींनो, अंगाला दोष देण्याआधी अन्नाचा हिशेब समजून घ्या. शरीराला ताकद तीन गोष्टींतून मिळते. भात, पोळी, साखर, आलू यांतले पिष्टमय पदार्थ. डाळ, अंडी, मासोळी, मटण, दूध यांतली प्रथिने. आणि तेल-तुपातली चरबी. एक ग्रॅम पिष्ट किंवा एक ग्रॅम प्रथिन शरीराला 4 उष्मांक देते, एक ग्रॅम तेल 9. शंभर ग्रॅम कोरड्या तांदळात सुमारे 78 ग्रॅम पिष्ट आणि 8 ग्रॅम प्रथिने असतात. कणकेत प्रथिने थोडी जास्त, एवढाच फरक. म्हणजे पोळीही शेवटी पिष्टच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2025 साली प्रसिद्ध झाले. आपल्या देशात माणूस सुमारे 62 टक्के उष्मांक पिष्टातून घेतो, प्रथिनांतून जेमतेम 12 टक्के. तांदळाऐवजी गहू किंवा भरड धान्य घेतले, पण पिष्ट तेवढेच राहिले, तर मधुमेहाचा धोका कमी होत नाही, असेही त्यात दिसले. पिष्टातला थोडा भाग काढून त्या जागी डाळ, दूध, अंडी, मासे आले तर धोका उतरतो.

तेव्हा भाताशी वैर करण्याचे कारण नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1983 साली आपल्या धानात वेगळ्या लोंब्या हेरल्या, वर्षानुवर्षे निवड केली आणि एचएमटी हे वाण उभे केले. थोडीशी जमीन असलेला आपला माणूस. त्याचा तांदूळ आज कुठल्या कुठे शिजतो. तो तांदूळ खायचाच. प्रश्न आहे तो किती, आणि सोबत काय.

आमच्या मते खरी गोम रोवणीत आहे. आषाढ-श्रावणात दिवसभर चिखलात वाकून रोवणा करणाऱ्या बाईला भाताचा डोंगरही पुरत नाही, आणि तिने तो खावाच. पण रोवणा संपतो, कापणी-मळणी आटोपते, पुढे हाताला काम नसते. ताटातला डोंगर मात्र तेवढाच राहतो. मुलगा शिकून चंद्रपूरला कार्यालयात बसतो, दिवसभर खुर्चीवर, तरी ताट बापाचेच. ज्या घरांनी उपास काढले त्या घरांत 'भात कमी वाढ' म्हणणे जड जाते, हे आम्ही जाणतो. आजीला तर तो अपमानच वाटतो.

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही. शिधापत्रिकेवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो धान्य मिळते, 2023 पासून फुकट. पण ते धान्य आहे. डाळ विकतच आणावी लागते. म्हणून वरण पातळ होत जाते. त्यातही मासोळीचे तुकडे पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात, आणि शेवटी बसणाऱ्या माउलीला भात नि रस्सा. मग तिचे पोट सुटते, पण हातपाय गळून जातात. जाड दिसते म्हणून धडधाकट आहे असे समजू नये.

अशी बाई नुसते जेवण तोडते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. काट्यावर तीन किलो कमी दिसतात, पण घागर उचलवत नाही. स्नायू टिकवायचे तर प्रथिने हवीत. किलोमागे सुमारे 0.83 ग्रॅम, म्हणजे 55 किलोच्या बाईला रोज 45 ग्रॅमच्या आसपास. कामाचे दिवस नसताना तिने दिवसाला 200 ग्रॅम कोरडा तांदूळ, 60 ग्रॅम डाळ, दोन अंडी किंवा तेवढ्याच मोलाची मासोळी आणि पोटभर भाजी घेतली तर हिशेब जवळपास जमतो. तांदूळ एकदा मोजून शिजवून पाहा, किती वाट्या होतात ते कळेल. मग रोज तराजू नको. वरण घट्ट करा, ताटात आधी भाजी-वरण घ्या, भात नंतर.

महाग पडेल, असे म्हणाल. आसोलामेंढ्याचा तलाव आपल्याच तालुक्यात, शिवाय गावोगावी बोड्या. तिथली लहान मासोळी मोठ्या माशाहून स्वस्त आणि प्रथिनाला कमी नाही. सोयाबीनच्या वड्यांत निम्म्याहून अधिक प्रथिनेच असतात. मूठभर भिजवून वांग्याच्या भाजीत टाकल्या की घरभर पुरतात. लाखोळी आपल्या बांध्यांत धानामागे येते. 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली, ती उगाच नव्हे. दुष्काळात महिनोन्‌महिने तीच खाणाऱ्यांचे पाय लुळे पडत. म्हणून वजन उतरवायला तिच्यावर भिस्त ठेवू नये. रोजच्या वरणाला तूर, मूग, उडीदच बरे.

तेल एकदम बंद करू नका. चरबीही शरीराला लागते. माणशी रोज 20 ग्रॅम पुरे. पाच जणांच्या घराला महिन्याला 3 किलो. पिंप उघडाल त्या दिवशी दिनदर्शिकेवर खूण करा, कुठे जाते ते दिसेल. बहुतेक ते भजी-वड्यांत जाते. चहाची साखर वेगळीच.

बाजारात डब्यांतून विकली जाणारी 'वजन उतरवणारी' भुकटी घेण्यापेक्षा त्या पैशांत अंड्यांचे किती ट्रे येतात ते दुकानदाराला विचारा.

आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी भरपूर. काटा नसेल तर शिवणाची टेप घ्या. कमर बाईची 80 सेंटिमीटरच्या, पुरुषाची 90 च्या वर असेल तर वजन दिसो न दिसो, रक्तातील साखर तपासून घ्यावी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी हे काही करू नये. ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी भात एकदम कमी केला तर साखर घसरून घाम फुटतो, भोवळ येते. अशांनी आधी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना सांगून औषधाचा डोस बदलून घ्यावा, मगच ताटाला हात लावावा.