बाटली वासावर, इलाज कारणावर

दुःख आहे आणि दुःखाला कारण आहे, हे धम्माने आपल्याला शिकवले. तोंडाच्या दुर्गंधीलाही तोच नियम लागू आहे. पण आपल्या वस्त्यांत आता कारण न शोधता माउथवॉशची बाटली आणली जाते. याबद्दल आम्हाला स्पष्ट बोलायचे आहे.

नागापूरच्या एमआयडीसीत आपले अनेक भाऊ पाळ्यांत राबतात. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून तंबाखूचा बार भरला जातो. घरी माय-माउली मशेरी लावतात. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुड्या मिळतातच. 2016-17 च्या सरकारी पाहणीत राज्यातला जवळपास दर चौथा प्रौढ माणूस तंबाखू घेणारा निघाला. माउथवॉश हा वास तासभर झाकतो, पण तंबाखूने होणारा कॅन्सर थांबवत नाही.

आमचे मत असे : पैसा आधी फ्लोराइडची पेस्ट आणि चांगला ब्रश यांवर खर्च करा. सकाळी आणि रात्री झोपताना, दोन वेळा दात घासा. माउथवॉश ब्रशची जागा घेऊ शकत नाही.

तरीही घ्यायचेच असेल तर गरज पाहून घ्या. दात वारंवार किडत असतील तर फ्लोराइडचे घ्या. सहा वर्षांखालील मुलांना मात्र देऊ नका, ती गिळतात. हिरड्या सुजून रक्त येत असेल तर डॉक्टर क्लोरहेक्सिडिन लिहून देतात. ते सांगितले तेवढेच दिवस वापरा. जास्त दिवस वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. काही माउथवॉशमध्ये अल्कोहोल असते. ते थुंकायचे असते, म्हणून पाचवे शील मोडते असे आम्ही म्हणत नाही. पण त्याने तोंडाची आग होते, तोंड कोरडे पडते. शिवाय दारू सोडलेल्या माणसाच्या घरात अशी बाटली नकोच. लेबल वाचून अल्कोहोल नसलेली घ्या. साध्या तक्रारीला पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून गुळण्या केल्या तरी आराम पडतो.

दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तीन बोटे मावणार नाहीत इतके कमी उघडणारे तोंड, यांपैकी काहीही दिसले तर दुकानात जाऊ नका. सरळ जिल्हा शासकीय रुग्णालय गाठा आणि दातांच्या डॉक्टरांना दाखवा. ईएसआय कार्ड असेल तर त्या दवाखान्यात जा. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

रविवारी वंदनेनंतर विहारात दहा मिनिटे या विषयाला द्यावीत. आपण सगळे पंचशील एका आवाजात म्हणतो. त्याच आवाजात एकमेकांना तंबाखू सोडायला सांगू या.

जय भीम!